फ्लाय रॉडच्या कड्या कुठे बसवायच्या: टेप, सांधा आणि चुन्याची भिंत

ओसरीत बसून मी एका लांब काळ्या काठीवर दोरा गुंडाळत होतो. पलीकडच्या मोहल्ल्यातले ढीवरकाका खांद्यावर जाळं टाकून तलावाकडे निघाले होते. ते थांबले, काठी हातात घेतली, एक डोळा मिटून शेंड्यापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "का जी, एका गळाले एवढ्या कड्या कायले लागतात?"

प्रश्न बरोबर होता. काकांच्या बांबूच्या गळाला एकही कडी नाही. दोर शेंड्यालाच बांधलेला, आणि त्याच काठीने त्यांनी माझ्यापेक्षा शंभरपट मासे काढलेत. पण माझ्या हातातली काठी म्हणजे फ्लाय रॉड, पिसांचा खोटा किडा (फ्लाय) फेकून मासे धरायची काठी, आणि तिचं गणित उलटं आहे. साध्या गळात शिशाचं वजन किंवा आमिष फेकलं जातं, दोर त्याच्या मागे जातो. फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर बांधलेली चार पिसं, तिला वजनच नाही. म्हणून इथे फेकायची ती जाड, जड लाईन. लाईनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो: ५ नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. प्रत्येक फेकीत ही लाईन कड्यांमधून सरसरत बाहेर जाते, परत येते, दिवसाला शेकडो वेळा. कड्या कमी असतील तर ती दोन कड्यांच्या मध्ये झोळ धरते, काठीवर आपटते आणि फेक मरते. मासा लागला की सगळा ताण मोजक्या जागी येतो तो वेगळाच. पण कड्या जास्त झाल्या तर शेंड्याकडे वजन वाढतं. कडी, तिला बांधणारा दोरा आणि त्यावरचा इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या गोंदाचा, थर मिळून ते वजन नखाएवढं असेल, पण शेंड्यावरचं नखाएवढं वजनही रॉडला सुस्त करतं. म्हणून रॉड बांधणाऱ्यांचा जुना हिशेब असा, की जितके फूट तितक्या कड्या, वर एक. शेंड्याची टोकाची कडी, म्हणजे टिप-टॉप, यात धरायची नाही. ९ फुटी रॉडला १० कड्या आणि एक टिप-टॉप.

हा लेख त्या १० कड्यांच्या जागांबद्दल आहे. कॉर्कची मूठ बसवणं, रील सीट (रील बसायची जागा) चिकटवणं हे तुम्हाला येतं असं मी गृहीत धरतो. उदाहरण माझ्याच रॉडचं घेतो: ९ फुटी, चार तुकड्यांचा, ५ नंबरच्या लाईनचा कार्बनचा ब्लँक, म्हणजे मूठ-कड्या न लावलेली नुसती काठी. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर तिलापिया आणि लहान-मध्यम मरळीला हा पुरेसा होतो. मरळ मोठी असेल आणि पाण्यात शेवाळ-कमळं असतील तर ७ किंवा ८ नंबर घ्या, नाहीतर ती वेलींत शिरेल आणि तुम्ही पाळीवर उभे राहून बघत बसाल.

आधी कड्यांचे माप

सगळ्या कड्या एका मापाच्या नसतात. मुठीजवळच्या पहिल्या एक-दोन कड्यांना स्ट्रिपिंग गाईड म्हणतात. त्यांच्या आत गुळगुळीत सिरॅमिकची रिंग असते, कारण आपला डावा हात लाईन ओढतो तेव्हा सगळ्यात जास्त घासणी तिथेच होते. त्यापुढच्या स्नेक गाईड, म्हणजे पीळ दिलेल्या तारेच्या कड्या. नंबर जेवढा मोठा तेवढी कडी मोठी. ५ नंबरच्या रॉडला मी असा संच लावतो: मुठीकडून १२ आणि १० च्या दोन स्ट्रिपिंग, मग स्नेक ४, ३, २, २ आणि शेंड्याकडच्या शेवटच्या चार १ नंबरच्या. याहून बारीक कडी लावण्याचा मोह होतो, वजन वाचतं म्हणून. पण लाईन आणि लीडर (लाईनच्या टोकाला बांधलेला बारीक दोर) यांची गाठ कडीतून अडकत-अडकत जायला लागली की ते वाचवलेलं वजन महागात पडतं.

टिप-टॉपचं माप वेगळ्या हिशेबाने येतं. त्याच्या नळीचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग. ५ नंबर म्हणजे ५/६४ इंच, जवळजवळ १.९८ मिलिमीटर, ५.५ म्हणजे २.१८. ब्लँकचा शेंडा व्हर्नियर कॅलिपरने मोजून मगच मागवा. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये शिकणारा मुलगा प्रत्येक गावात एक तरी असतो, कॅलिपर त्याच्याकडे मिळतो. नळी शेंड्यावर सहज सरकली पाहिजे, पण डगडगता कामा नये.

कड्या कोणत्या बाजूला

जागा ठरवण्याआधी बाजू ठरवावी लागते. कार्बनचा ब्लँक गोल दिसतो, पण कापड गुंडाळून बनवलेला असल्यामुळे त्याला एक कणा असतो. एका बाजूला वाकवताना तो थोडा जास्त ताठ लागतो. शोधायचा कसा? एका तुकड्याचं जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेका, बारीक टोक डाव्या हाताच्या बोटांवर सैल ठेवा, उजव्या तळव्याने मध्ये दाबून थोडा वाक द्या आणि तो हळूहळू फिरवा. एका जागी तुकडा आपोआप टुणकन उडी मारून वळतो आणि स्थिर होतो. त्या क्षणी वर असलेल्या रेषेवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. चारही तुकड्यांचं असंच करा.

या कण्यावरून रॉड बांधणाऱ्यांमध्ये कायम वाद चालतो. माझं मत सांगतो. कणा शोधा, पण त्याच्या पायी जीव देऊ नका. जवळपास प्रत्येक ब्लँक लांबीत किंचित वाकडा असतो. तो बाक डावी-उजवीकडे गेला तर मला डोळ्याला खुपतो आणि कड्यांची रांगही वाकडी भासते. म्हणून मी तुकडे जोडून, मुठीकडून शेंड्याकडे बघत, बाक वर-खाली येईल असा फिरवतो. कणा त्या रेषेच्या आसपास आला तर उत्तम, नाही आला तरी रॉड मासा पकडतोच.

बाजू ठरली की तिन्ही सांध्यांवर समोरासमोर दोन ठिपके द्या, म्हणजे पुन्हा जोडताना तीच जुळणी येईल. मूठ आणि रील सीट याच रेषेवर चिकटवा. क्रम उलटा झाला, म्हणजे कड्या आधी आणि रील सीट नंतर असं झालं, तर रील एका दिशेला आणि कड्या दुसऱ्या दिशेला बघतात. फ्लाय रॉडला रील आणि कड्या दोन्ही खालच्या बाजूला असतात, हे पुढच्या सगळ्या तपासणीत लक्षात असू द्या.

आता टिप-टॉप. तो पक्क्या इपॉक्सीने चिकटवू नका. कधीतरी तो वाकेल, घासेल आणि काढावा लागेल. हॉट-मेल्ट गोंदाची कांडी मेणबत्तीवर मऊ करून शेंड्याला पातळ थर द्या, नळी चिमट्यात धरून तेवढीच किंचित गरम करा आणि सरकवा. ज्योत कार्बनजवळ न्यायची नाही. चिकटल्यावर मुठीकडून बघून रेष जुळवा. गोंद गार व्हायला अर्धा मिनिट मिळतो.

टेपवरचा हिशेब

इंटरनेटवर जागांचे तक्ते पैशाला पासरी मिळतात. ते वापरा, पण ते कुठून येतात हे कळलं की मग ते बदलायची भीती वाटत नाही.

रॉडचा शेंडा सगळ्यात जास्त वाकतो, मुठीकडचा भाग सगळ्यात कमी. म्हणून शेंड्याकडे कड्या जवळजवळ आणि मुठीकडे लांब-लांब. सगळ्यात सोपी रीत म्हणजे पहिलं अंतर ठरवायचं आणि पुढच्या प्रत्येक अंतरात एकसारखीच भर घालत जायची. दोन टोकं आधी पक्की करा. शेंड्याकडचं पहिलं अंतर ९ फुटी रॉडला १० ते ११.५ सेंटीमीटर चांगलं. मुठीकडची शेवटची कडी हाताने ठरवा. रॉड उजव्या हातात धरा, डावा हात नैसर्गिकपणे पुढे नेऊन लाईन चिमटीत पकडल्यासारखं करा. कडी त्या हाताच्या थोडीशी पुढे हवी, पण इतकी लांब नको की निसटलेली लाईन पकडायला पुढे झुकावं लागेल. बहुतेकांना ती बुडापासून ७२ ते ७८ सेंटीमीटरवर येते. हात लांब असेल तर थोडी पुढे न्या, तक्ता काही म्हणो.

माझा रॉड २७४ सेंटीमीटर. स्ट्रिपिंग गाईड बुडापासून ७४ वर धरली, म्हणजे शेंड्यापासून २००. या २०० सेंटीमीटरमध्ये १० अंतरं बसवायची. पहिलं ११ धरलं आणि प्रत्येकात २ ची भर घातली: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, २९. बेरीज बरोबर २००. म्हणजे कड्यांच्या जागा टिप-टॉपपासून ११, २४, ३९, ५६, ७५, ९६, ११९, १४४, १७१ आणि २०० सेंटीमीटर. आकडे असे चपखल बसले की आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. पुढच्या पायरीला ते उतरतं.

तुमची लांबी वेगळी असेल तर रीत हीच. एकूण अंतरातून पहिलं अंतर गुणिले १० वजा करा, उरलेल्याला ४५ ने भागा, आली भर. कडी १० नसून ९ असेल तर पहिलं अंतर ९ ने गुणा आणि ३६ ने भागा. मोजताना टेप एकदाच टिप-टॉपपासून लावा आणि सगळ्या खुणा एकाच दमात करा. एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंत तुटक मोजत गेलात तर दर वेळी मिलिमीटरभर चूक साठत जाते आणि शेवटची कडी भलतीकडे निघते. आणि जागा म्हणजे कडीचा मधला बिंदू. पायाचं टोक नव्हे.

सांधा आड येतो

चार तुकड्यांच्या रॉडमध्ये सांधे साधारण समान अंतरावर येतात. माझ्याकडे ते शेंड्यापासून ६८.६, १३७.२ आणि २०५.७ सेंटीमीटरवर. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या टोकावर चढतं आणि दोन्ही मिळून कोणी ५ सेंटीमीटरभर एकमेकांत असतात. म्हणजे शेवटच्या सांध्याचा जोडलेला भाग २००.७ ते २०५.७. आणि माझी स्ट्रिपिंग गाईड २०० वर! तिचे दोन पाय दोन्हीकडे २-२ सेंटीमीटर पसरलेले, म्हणजे एक पाय थेट सांध्यावर.

सांध्यावर कडी का नको? तिथे दोन नळ्या एकमेकांत असल्याने रॉड आधीच ताठ आहे; वरून कडीचा पाय आणि इपॉक्सी चढवलं की तो आणखी ताठ होतो आणि वाक एकदम त्या जागेच्या कडेला गोळा होतो. शिवाय तोंडाला बळकटीसाठी दोऱ्याचा एक वेगळा पट्टा लागतो, साधारण एक सेंटीमीटरचा, त्याला जागा हवी. म्हणून कडी सांध्याच्या पट्ट्यापासून निदान दीड-दोन सेंटीमीटर दूर. दुसरी बाजूही बघा: खालच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे आत जाणाऱ्या भागावर, अर्थातच काहीही बांधता येत नाही, आणि सांधा घासत-घासत थोडा आत उतरत जातो म्हणून त्याच्या अगदी खालीही सेंटीमीटरभर मोकळं सोडावं.

मग २०० ची कडी १९६ वर नेली. बुडापासून ७८, माझ्या हाताला अजून चालते. पण आता शेवटचं अंतर २९ चं २५ झालं आणि त्याच्या आधीचं २७ राहिलं, म्हणजे मुठीकडे अंतर वाढण्याऐवजी कमी झालं. ते बरं दिसत नाही आणि बरं चालतही नाही. म्हणून १७१ ची १६९ केली. आता शेवटची तीन अंतरं २५, २५, २७. एक कडी हलवली की तिच्या शेजारणीलाही विचारावं लागतं. ७५ आणि १४४ च्या कड्या मात्र आपल्या सांध्यांपासून ६ सेंटीमीटरहून खाली पडल्या, त्यांना हात लावला नाही.

भिंतीवरची सावली

इथे घाई करू नका. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक लोक ती गाळतात.

कड्या आत्ता तात्पुरत्या बसवायच्या. बाजारात त्यासाठी रबरी रिंगा मिळतात, पण सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्हची रबरी नळी कापून दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर दहा रुपयांत काम होतं. प्रत्येक कडीला दोन चकत्या, एका पायाला एक. त्या तुकडे जोडण्याआधी खालून सरकवून ठेवाव्या लागतात, टिप-टॉप लागल्यावर वरून जात नाहीत. पहिल्यांदा मी हे विसरलो आणि सगळं उलगडून पुन्हा बसलो. जाड भागावर चकत्या ताणून फाटतात, तिथे मास्किंग टेप.

आता रॉडची मूठ खाटेच्या माचव्याला किंवा टेबलाला फडक्यात गुंडाळून दोरीने आवळा, रॉड जमिनीला समांतर, कड्या खालच्या बाजूला. लाईन रीलपासून सगळ्या कड्यांतून ओवा आणि टिप-टॉपमधून बाहेर आलेल्या टोकाला प्लास्टिकची रिकामी बाटली बांधा. रील अडकवून टाका. बाटलीत पेल्याने थोडं-थोडं पाणी घालत जा. शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे ९० सेंटीमीटरच्या आसपास खाली आला की थांबा.

आमच्या घराची मागची भिंत चुन्याची पांढरी आहे. मी रॉड तिच्यापासून हातभर लांब बांधतो, रात्री दिवा घालवतो आणि लांबून मोबाईलचा टॉर्च मारतो. भिंतीवर दोन सावल्या पडतात. एक जाड, रॉडची, कमानीसारखी. दुसरी बारीक, लाईनची, कडीपासून कडीपर्यंत सरळ तुकड्यातुकड्यांनी गेलेली. कड्या खालच्या बाजूला असल्यामुळे लाईन कमानीच्या आतल्या अंगाने जाते, आणि प्रत्येक दोन कड्यांमध्ये ती रॉडपासून थोडी सुटते. सुटणारच. बघायचं ते हे की ती सगळीकडे सारखीच सुटते का. एखाद्या अंतरात ती जास्तच लांब गेली आणि त्या कडीपाशी लाईनला टोकदार कोपरा पडला, तर ते अंतर तिथल्या वाकाच्या मानाने मोठं आहे. त्या दोन कड्या जवळ आणा. उलट एखाद्या ठिकाणी लाईन कडीतून जवळजवळ सरळ जात असेल तर ती कडी आळशी आहे, तिचं अंतर दुसऱ्याला देता येतं.

हलवायचं ते एका वेळी एक सेंटीमीटर, फार तर दोन. प्रत्येक बदलानंतर भिंतीवर कोळशाने खुणा करत जा, नाहीतर आधी काय होतं हे डोकं विसरतं. माझ्या रॉडमध्ये ७५ आणि ९६ च्या मध्ये कोपरा टोकदार पडत होता. ९६ ची ९५ केली, मग पुढे ओघाने ११९ ची ११७ आणि १४४ ची १४३. एवढ्याने कमान गुळगुळीत झाली. शेवटच्या जागा ११, २४, ३९, ५६, ७५, ९५, ११७, १४३, १६९, १९६ अशा ठरल्या. वहीत लिहून ठेवल्या, कारण हा ब्लँक पुन्हा मिळाला तर भिंतीपासून सुरुवात करायला नको.

मग बाटलीत आणखी पाणी घाला. वाक खाली, मुठीकडे उतरतो. आता खालच्या दोन-तीन कड्या तपासा. लहान तिलापियाला रॉडचा फक्त शेंडा वाकतो, मरळीला अर्धा रॉड. दोन्ही वाकांत लाईन बरी दिसली म्हणजे झालं. फार पाणी घालून हौसेने रॉडचं धनुष्य करू नका. शेंड्याला थेट लटकवलेलं वजन माशापेक्षा निर्दय असतं.

पायाची धार

पहिल्या रॉडचं सांगतो. कड्यांचे पाय जसे पाकिटातून आले तसेच बांधले. दुसऱ्या पावसाळ्यात साकोलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर मरळ लागली, रॉड नीट वाकला, आणि सुकी काडी मोडावी तसा 'कट्' आवाज झाला. शेंड्याचा तुकडा तिसऱ्या कडीपाशी तुटला. घरी येऊन दोरा सोलला तेव्हा ब्लँकवर, कडीच्या पायाचं टोक जिथे टेकत होतं बरोबर तिथे, केसासारखी बारीक खाच दिसली. पायाखाली धातूचा बारीक काटा राहिला होता. प्रत्येक वाकाला तो कार्बनमध्ये थोडा-थोडा रुतत होता.

तेव्हापासून प्रत्येक कडीचा प्रत्येक पाय हातात घेतो. बारीक कानशीने पायाचं टोक वरून उतरतं करायचं, सुरीच्या पात्यासारखं पातळ, म्हणजे दोरा त्यावर पायरी न अडखळता चढतो. मग पायाची खालची बाजू ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाच-सात वेळा घासायची. शेवटी पाय नखावर फिरवून बघा. नखावर ओरखडा उठला तर ब्लँकवरही उठेल. त्यानंतर कडी सपाट काचेवर ठेवून दोन्ही पाय एका पातळीत टेकतात का ते बघा. डुलत असेल तर पक्कडीने हलकेच सरळ करा. वाकडा पाय दोऱ्याने दाबून सरळ केला तर तो ब्लँकला कायम ढकलत राहतो.

दोरा

कडी जागेवर ठेवा आणि एक पाय बारीक टेपच्या पट्टीने धरून ठेवा, दुसऱ्या पायावर आधी दोरा. रॉड दोन खाचांच्या लाकडी पेटीवर आडवा. शेजारच्या सुतारकाकांकडून टाकाऊ फळीची अशी पेटी करून घेता येते, खाचेत नमद्याचा तुकडा चिकटवा. दोऱ्याचं रीळ पेल्यात, आणि दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून काढलेला, म्हणजे एकसारखा ताण मिळतो. मी गेल्या वर्षीचं शेतकी पंचांग वापरतो.

सुरुवात पायाच्या टोकापासून ४-५ मिलिमीटर आधी, कोऱ्या ब्लँकवर. दोऱ्याचं टोक ब्लँकवर ठेवून त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे घ्या आणि उरलेलं टोक ब्लेडने कापा. मग रॉड फिरवत वेढा वेढ्याला चिकटवत पायावर चढा. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा एक फासा ठेवा, त्याच्यावरून उरलेले वेढे घ्या, मुख्य दोरा कापून फाशात घाला आणि फासा ओढा. टोक आपोआप वेढ्यांखाली जातं. मग पेनच्या गुळगुळीत टोपणाने वेढे घासून फटी बुजवा. पहिल्या कडीला मला अर्धा तास लागला, दहावीला सात मिनिटं.

दोरा रॉडसाठीचा ए साईजचा नायलॉनचा घ्या. आंधळगावचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, इथून जवळ, म्हणून एकदा मी कोशाच्या धाग्याने बांधून पाहिलं. रंग काय सुंदर, मधासारखा! पण हाताने काढलेला धागा कुठे जाड कुठे बारीक, बारीक कड्यांवर वेढे शेजारी-शेजारी बसत नाहीत. आता मुठीच्या वरच्या शोभेच्या पट्ट्याला तेवढा कोसा लावतो.

सगळ्या कड्या बांधून झाल्या की पहाटेच्या उजेडात रॉड आकाशाकडे धरून मुठीकडून बघा. कड्या एका रेषेत हव्या. दोऱ्याखाली कडी अजून अंगठ्याने किंचित सरकते, तेवढी दुरुस्ती आत्ताच. इपॉक्सीनंतर नाही.

इपॉक्सी आणि वैशाख

दोन भागांचं रॉड फिनिश समान प्रमाणात, सुई काढलेल्या दोन सिरिंजने मोजून, तीन-चार मिनिटं हळू ढवळून. जोरात ढवळलं की बुडबुडे. पातळ थर ब्रशने, दोऱ्याच्या कडेपलीकडे मिलिमीटरभर ब्लँकवर गेला पाहिजे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सांध्याच्या तोंडावर मात्र तोल सांभाळा. एक थेंब आत उतरला तर तो तुकडा पुन्हा जोडला जाणार नाही.

थर घट्ट होईपर्यंत रॉड फिरता हवा, नाहीतर खालच्या बाजूला थेंब लोंबतो. जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळते. चार-पाच तास चालू ठेवा. आणि भारनियमनाचं वेळापत्रक बघून सुरुवात करा! मध्येच लाईट गेली की खुर्ची टाकून दर दोन मिनिटांनी हाताने अर्धा फेरा, दुसरा इलाज नाही.

वैशाखात इकडे पारा ४५ च्या वर जातो आणि वाटीतलं इपॉक्सी ब्रश दहाव्या कडीपर्यंत पोचायच्या आत मधासारखं घट्ट होतं. उन्हाळ्यात काम पहाटे पाचला, आणि एका वेळी पाचच कड्यांपुरतं मिश्रण. पंखा बंद, कारण धूळ बसली तर ती कायमची. श्रावणातल्या ओल्या हवेतही मी टाळतो. दिवाळीनंतरचे दिवस यासाठी सोन्यासारखे. दुसरा थर २४ तासांनी, आणि वाकवायचा तो आठवडाभराने.

पाण्यावर

पहिल्यांदा गळ लावू नका. लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि मोकळ्या वावरात किंवा पाळीवर फेकून बघा. लाईन बाहेर जाताना एखाद्या ठिकाणी 'टक-टक' आवाज आला तर गाठ कुठल्या तरी कडीत अडकते आहे. मासे धरायचे तर आधी विचारा: इकडचे बरेचसे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यावर असतात, आणि नवेगाव बांधसारखे तलाव व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे गळ टाकायचाच नाही. आमच्या गावच्या तलावावर मी संस्थेच्या लोकांना सांगून, पकडलेला मासा त्यांच्याच टोपलीत टाकायच्या बोलीवर जातो.

चार-पाच वेळा वापरून झालं की प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही कडा भिंगाने बघा. कडेला केसाएवढी पांढरी रेघ आली असेल तर तिथे इपॉक्सी तडकलं आहे. बहुतेक वेळा ती पायाच्या टोकाशीच येते. तेवढी कडी सोला, पाय पुन्हा घासा, पुन्हा बांधा. सांध्यांना मेणबत्ती घासून ठेवा आणि रॉड उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत सोडू नका.

ढीवरकाकांनी रॉड दसऱ्यानंतर मागून घेतला. तीन फेकी वाया गेल्या, चौथ्या फेकीला लाईन सुतासारखी सरळ पडली. कड्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "वरच्या अंगाले जवळजवळ काऊन लावल्या, ते समजलं." मग त्यांनी माझ्याकडे उरलेली १ नंबरची एक कडी मागितली. आपल्या बांबूच्या शेंड्याला लावायला.